दक्षिणा ते डी.लिट.: पुण्याच्या पश्चिम पट्ट्यातील साहित्याभ्यासाचा इतिहास

मराठी साहित्य एम.ए.च्या परीक्षेला घेता येऊ लागले ते १९०१ मध्ये. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले होते, म्हणजे ज्या प्रांताची ती भाषा, त्या प्रांताच्या विद्यापीठात सर्वोच्च पदवीपर्यंत पोचायला मराठीला ४४ वर्षे लागली. ऑक्सफर्डमध्ये खुद्द इंग्रजी साहित्याची स्वतंत्र शाखा उघडली १८९४ मध्ये आणि केंब्रिजने इंग्रजीची स्वतंत्र परीक्षा सुरू केली १९१७ मध्ये. आपल्या चालू भाषेतील साहित्य हा विद्वानांच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो, हे त्या काळी इंग्लंडलाही सहजासहजी पटत नव्हते. ग्रीक, लॅटिन, संस्कृत, फारसी यांचा अभ्यास म्हणजे विद्या. मातृभाषेतील कविता-कादंबऱ्या घरी वाचायच्या, असा समज दोन्हीकडे होता. तो कसा मोडला, याचा मोठा भाग पुणे आणि पुण्याच्या पश्चिमेकडील मावळ-मुळशीचा डोंगरपट्टा येथे घडला.

बावधन हे मुळशी तालुक्याचे पुण्याला लागलेले टोक. रामनदी भूगाव-भुकूमकडून येते, बावधनातून पाषाणकडे उतरते आणि पुढे मुळेला मिळते. पौड रस्ता येथूनच चांदणी चौक ओलांडून घाटाकडे निघतो. पाषाणच्या पलीकडे गणेशखिंड, म्हणजे आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे आवार. टेकडी ओलांडून आग्नेयेला गेले की धोंडो केशव कर्वे यांचे हिंगणे, आणि पुढे पश्चिमेला लवळे, पिरंगुट, पौड. उत्तरेकडे डोंगरांच्या पलीकडे तळेगाव दाभाडे आणि अंदर मावळ. या लेखातील बहुतेक ठिकाणे एवढ्याच मुलखात आहेत.

सुरुवात तळेगावापासूनच करावी लागते. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी विद्वान ब्राह्मणांना दरवर्षी दक्षिणा वाटण्याची प्रथा तळेगावात सुरू केली. पुढे ती पेशव्यांनी पुण्यात आणली आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळापर्यंत तिचा खर्च काही लाखांवर गेला. दूरदूरचे शास्त्री श्रावणात पुण्यास येत, परीक्षा देत आणि विद्येप्रमाणे दक्षिणा घेऊन जात. वेद, न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र हे विषय. मराठीचा त्यात प्रश्नच नव्हता. तरीही विद्येला सार्वजनिक पैशातून आश्रय देण्याची एक व्यवस्था या प्रथेमुळे उभी राहिली होती, आणि नव्या इंग्रजी राजवटीला ती एकदम मोडता आली नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन यांनी रक्कम वर्षाला पन्नास हजारांवर आणली. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, तिचा खर्चही याच पैशातून झाला.

१८४९ मध्ये पुण्यातील काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की या रकमेचा काही भाग उपयुक्त मराठी ग्रंथांच्या बक्षिसांसाठी वापरावा. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांचा त्यात पुढाकार होता. जुन्या शास्त्रीमंडळींत त्यावरून मोठा क्षोभ झाला. सरकारने मात्र मागणी अंशतः मानली आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी नेमली. मराठीत स्वतंत्र किंवा भाषांतरित पुस्तक लिहिणाऱ्याला बक्षीस मिळू लागले. पुढे कॉलेजांत ‘दक्षिणा फेलो’ नेमले गेले. मराठीत लिहिण्यासाठी सार्वजनिक पैसा मिळावा, ही मागणी इतक्या उघडपणे पहिल्यांदा येथे झाली. मराठी साहित्याच्या उच्च शिक्षणाचा आरंभ विद्यापीठाच्या स्थापनेपेक्षा या अर्जापासून धरणे अधिक योग्य आहे.

मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या परीक्षांत देशी भाषांना जागा होती. १८६० च्या दशकात ती काढून घेण्यात आली. देशी भाषांत अभ्यासावे असे वाङ्मय नाही आणि अभिजात भाषा शिकल्याने मनाला जी शिस्त लागते ती यांतून लागत नाही, अशी कारणे पुढे झाली. मिळालेली जागा जाणे हा मूळच्या उपेक्षेपेक्षा मोठा आघात होता, कारण पुढच्या दोन पिढ्यांतील बुद्धिमान विद्यार्थी मराठीकडे पाठ फिरवूनच पदवीधर झाले. विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या बी.ए. तुकडीतील चार जणांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे होते. रानडे स्वतः दक्षिणा फेलो होते. मराठी ग्रंथसंपत्तीचा आढावा त्यांनी तरुणपणीच घेतला, आणि १८९८ मध्ये मराठी वाङ्मयाच्या वाढीवर इंग्रजीत एक टिपण लिहिले. मराठीत अभ्यासण्याजोगे आहे काय, या प्रश्नाला ते सप्रमाण उत्तर होते. विद्यापीठाच्या सभांत त्यांनी हा विषय वर्षानुवर्षे लावून धरला. १६ जानेवारी १९०१ रोजी ते वारले. एम.ए.च्या परीक्षेत मराठीला प्रवेश मिळाला तो त्याच वर्षी.

अर्थात, तोवर आधुनिक मराठी साहित्य विद्यापीठाची वाट न पाहता उभे राहिले होते. हरि नारायण आपट्यांनी पदवी न घेताच कॉलेज सोडले. केशवसुत मॅट्रिकपुढे गेले नाहीत. मराठी कादंबरीला आणि मराठी कवितेला नवे वळण देणारे हे दोघेही पदवीधर नव्हते, आणि दोघांच्याही लेखनाला वाचक मिळाले ते नियतकालिकांतून. आपट्यांचे ‘करमणूक’ १८९० मध्ये पुण्यात सुरू झाले. पंचवीस वर्षांनी, १९१५ मध्ये, मुंबई विद्यापीठाने जॉन विल्सन यांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या भाषाशास्त्रीय व्याख्यानमालेसाठी याच आपट्यांना बोलावले. त्या मालेची पहिली व्याख्याने १८७७ मध्ये भांडारकरांनी दिली होती. मराठीचा उगम आणि विकास हा आपट्यांचा विषय. पदवी न घेतलेला कादंबरीकार विद्यापीठाच्या व्यासपीठावरून मराठीबद्दल अधिकाराने बोलतो, या घटनेला जेवढे महत्त्व द्यायला हवे तेवढे आपल्या वाङ्मयेतिहासांनी दिलेले नाही.

पुढचे पाऊल हिंगण्यात पडले. धोंडो केशव कर्वे यांनी जपानमधील महिला विद्यापीठाच्या माहितीवरून प्रेरणा घेऊन १९१६ मध्ये भारतवर्षीय महिला विद्यापीठ काढले. सर्व विषय मातृभाषेतून शिकवायचे, हे त्याचे मुख्य तत्त्व. पदवीला ‘गृहीतागमा’ आणि त्यावरच्या पदवीला ‘प्रदेयागमा’ अशी नावे दिली. सरकारची मान्यता नव्हती, त्यामुळे या पदव्यांना नोकरीच्या बाजारात किंमत कमी होती आणि टीकाही पुष्कळ झाली. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिल्यावर विद्यापीठाला आर्थिक स्थैर्य आले. १९३६ मध्ये त्याचे मुख्य ठाणे मुंबईला हलले. विद्यापीठीय पातळीवरचे विवेचन मराठीत लिहिता येते, हे हिंगण्याच्या माळावर शिकलेल्या बायकांनी दाखवून दिले. त्या काळच्या पुण्यातील प्रतिष्ठित कॉलेजांना ते जमले नव्हते, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

लेखनाचा सराव आणि विद्यापीठीय संशोधन हे दोन्ही एकाच माणसाच्या कामात एकवटल्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन. ते कवी, आणि शिकवायचे फारसी. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झाले. यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमा रानडे, वि. द. घाटे आणि माधव जूलियन ही त्यातील मंडळी. रविवारी चहाला जमायचे, कविता वाचायच्या, एकमेकांच्या ओळींवर बोलायचे आणि मिळून पुस्तक काढायचे, असा त्यांचा परिपाठ होता. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाने पदवीसाठी सर्जनशील लेखन प्रबंध म्हणून स्वीकारण्याचे ठरवले ते १९२२ मध्ये, आणि तेथील लेखकांची कार्यशाळा सुरू झाली १९३६ मध्ये. पुण्याच्या मंडळाला विद्यापीठ नव्हते, शुल्क नव्हते, परीक्षा नव्हती. काम मात्र तेच चालले होते.

माधव जूलियनांची ‘छन्दोरचना’ १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि खूप वाढवलेली दुसरी आवृत्ती १९३७ मध्ये. मराठी पद्याची घडण नेमकी कशी असते, याचा इतका कसून शोध त्यापूर्वी कोणी घेतला नव्हता. त्यांनी पद्याचे वृत्त, जाति आणि छंद असे तीन वर्ग केले. वृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असतो, जातीत मात्रांची आवर्तने मोजली जातात आणि छंदात अक्षरसंख्येला महत्त्व असते. आठ मात्रांच्या आवर्तनाला त्यांनी पद्म म्हटले, सहांच्या आवर्तनाला भृंग. म्हणून पद्मावर्तनी, भृंगावर्तनी असे शब्द कवितेच्या अभ्यासकांच्या तोंडी रुळले. ओवी आणि अभंग हे छंदात बसले. कानाला गोड लागते म्हणून सोडून न देता गोडी कशातून येते ते मोजून दाखवणे, ही त्यांची पद्धत, आणि ती स्वतः कविता लिहिणाऱ्यालाच सुचण्यासारखी होती. १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाने या ग्रंथासाठी त्यांना डी.लिट. दिली. मराठी साहित्यातील ही पहिली डी.लिट. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, त्यांचे निधन झाले.

गद्यलेखन शिकवता येते काय, हा प्रश्न याच दशकात ना. सी. फडके यांनी घेतला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अध्यापन करणाऱ्या फडक्यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये आले. कथानक, पात्रे, निवेदन, गुंतागुंत आणि उकल यांची चर्चा करणारे हे पुस्तक नवलेखकांनी अनेक वर्षे जवळ बाळगले. त्यावर टीकाही झाली. तंत्राला नको इतके महत्त्व दिल्याने कथा साच्यातली होते, हा आक्षेप खराच होता. तरीही कादंबरीचे कौशल्य शब्दांत मांडता येते आणि दुसऱ्याला समजावता येते, एवढे त्याने सिद्ध केले.

स्वतंत्र भारतात प्रांतिक विद्यापीठांची मागणी पुरी झाली तेव्हा पुण्याची पाळी आली. १० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर. सुरुवातीचे काही महिने कारभार भांडारकर संस्थेच्या निजाम अतिथिगृहातून चालला आणि मग १ जून १९४९ पासून गणेशखिंडीतील जुने गव्हर्नमेंट हाऊस हे विद्यापीठाचे घर झाले. आरंभी बारा जिल्हे या विद्यापीठाकडे होते. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ झाल्यावर पुणे, नगर, नाशिक, धुळे आणि जळगाव एवढे उरले. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाल्यावर धुळे-जळगावही गेले. क्षेत्र असे आटत गेले तरी मराठी विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या खेड्यापाड्यांतील मुलांची रीघ गणेशखिंडीकडे चालूच राहिली. डोंगरातील, कोरडवाहू गावांतील, घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेली ही मुले आपली बोली घेऊन येत होती, आणि त्याचा परिणाम पुढे साहित्यावर झाला.

विद्यापीठाच्या मराठी विभागाला संशोधनाची पक्की बैठक दिली ती शंकर गोपाळ तुळपुळे यांनी. यादवकालीन मराठी भाषेवरचा त्यांचा प्रबंध १९४२ मध्ये ग्रंथरूपाने आला. ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ चा. कोरीव लेखाच्या अभ्यासाची रीत मेहनतीची असते. दगड धुऊन घ्यायचा, त्यावर ओला कागद ठोकून बसवायचा, तो वाळत आला की शाई फिरवायची. खोदलेली अक्षरे पांढरी राहतात आणि बाकी कागद काळा होतो. मग तो ठसा उजेडात धरून एकेक अक्षर लावायचे. अलिबागजवळच्या अक्षी येथील झिजलेल्या शिलालेखाचा शक तुळपुळ्यांनी ९३४ असा वाचला, म्हणजे इसवी सन १०१२. त्यापूर्वी मराठीच्या पहिल्या कोरीव वाक्याचा मान श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाजवळील लेखाकडे होता. अक्षीच्या वाचनामुळे तो मान कोकणातल्या दगडाकडे आला. अन्य अभ्यासकांनी पुढे त्यावर वाद केले, तसे ते होणारच. मराठी साहित्याचा अभ्यास म्हणजे रसग्रहण आणि पाठांतर एवढेच नव्हे, याची खात्री विद्यार्थ्यांना या कामाने पटली. तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश १९९९ मध्ये, तुळपुळ्यांच्या निधनानंतर पाच वर्षांनी, बाहेर पडला. लीळाचरित्र वा ज्ञानेश्वरी मुळातून वाचू पाहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यालाही आज त्याचाच आधार घ्यावा लागतो.

रामचंद्र चिंतामण ढेरे यांचा मार्ग याहून निराळा. त्यांचा जन्म १९३० चा, अंदर मावळातील निगडे गावचा. आई-वडील लहानपणीच गेले, आजीने वाढवले आणि चौदाव्या वर्षी ते पुण्यात आले. विद्यापीठात त्यांना कायमची जागा कधी मिळाली नाही. पुणे विद्यापीठाने त्यांना ‘षट्स्थल’ या वीरशैव ग्रंथाच्या संपादनासाठी पीएच.डी. आणि ‘लज्जागौरी’साठी डी.लिट. दिली. ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’ हा ग्रंथ १९८४ मध्ये आला आणि १९८७ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. पंढरपूरच्या देवाचा शोध घेताना ढेऱ्यांनी संस्कृत माहात्म्ये, संतांचे अभंग, शिलालेख यांच्या जोडीला गवळी-धनगरांच्या दैवतकथा ठेवल्या आणि सर्वांना सारख्या गांभीर्याने वाचले. मावळच्या घरात जे लहानपणी कानावर पडले होते, त्याला पुरावा म्हणून उभे करण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते. अभ्यासकांच्या पुढच्या पिढीवर त्यांचा जेवढा ठसा आहे, तेवढा नियमित नोकरीतील फार थोड्या प्राध्यापकांचा असेल.

विद्यापीठाबाहेरून अभ्यासाला बळ देणारी आणखी एक संस्था म्हणजे १९०६ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र साहित्य परिषद. टिळक रस्त्यावरच्या तिच्या वास्तूत व्याख्याने, वाद आणि निवडणुका जेवढ्या गाजल्या तेवढी तिची ग्रंथनिर्मिती गाजली नाही, पण टिकाऊ काम तेच. तुळपुळे, रा. श्री. जोग आणि स. गं. मालशे यांच्या संपादनाखाली निघालेला ‘मराठी वाङ्मयाचा इतिहास’ बहुखंडी आहे आणि एम.ए.च्या विद्यार्थ्याच्या टेबलावर तो आजही असतो. नव्या लेखकाला घडवण्याचे काम मुंबईच्या ‘सत्यकथे’ने केले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक कथा परत पाठवताना लांब पत्र लिहीत आणि नेमके काय फसले ते सांगत. मासिक १९८२ मध्ये बंद पडले. त्या पत्रांनी जे केले ते कोणत्याही अभ्यासक्रमात नव्हते.

१९६० नंतर विद्यार्थीच लेखक होऊन विद्यापीठाकडे पाहू लागला. भालचंद्र नेमाडे खानदेशातून पुण्यास आले, फर्ग्युसनमध्ये शिकले आणि डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे एम.ए. झाले. १९६३ ची ‘कोसला’ ही पुण्याच्या वसतिगृहातील मुलाची कादंबरी. शिक्षण घेता घेता एकाकी होत जाणारा खेड्यातला मुलगा मराठीत इतक्या खऱ्या भाषेत पूर्वी बोलला नव्हता. नेमाडे पुढे मुंबई विद्यापीठात तौलनिक साहित्याच्या टागोर अध्यासनावर होते, आणि ‘टीकास्वयंवर’ या समीक्षाग्रंथासाठी त्यांना १९९१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. औरंगाबादेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखेडे अमेरिकेतून कृष्णवर्णीयांच्या साहित्याची ओळख घेऊन परतले. गंगाधर पानतावणे यांचे ‘अस्मितादर्श’ तेथूनच निघाले. पुण्याचे प्राध्यापक भालचंद्र फडके यांनी १९७७ मध्ये दलित साहित्यावर ‘दलित साहित्य: वेदना व विद्रोह’ हा ग्रंथ लिहिला, तेव्हा हे साहित्य अभ्यासक्रमाच्या दाराशी आले होते. पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागात शिकवणारे आनंद यादव हे कागलच्या शेतकरी घरातले. ‘गोतावळा’ आणि ‘झोंबी’ यांच्या लेखकाने वर्गात ग्रामीण साहित्य शिकवावे, यात वेगळेच सामर्थ्य होते. ‘झोंबी’ला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, शिकण्यासाठी वडिलांशी आणि दारिद्र्याशी झगडणाऱ्या मुलाची ती कहाणी आहे.

मुळशी तालुक्याने स्वतः या इतिहासाला दिलेली भर सर्वांत मोठी आहे, आणि ती अक्षर न शिकलेल्या बायकांनी दिलेली आहे. मूळचे फ्रान्सचे आणि पुढे भारतीय नागरिक झालेले गी पॉइटवँ आणि पुण्याच्या हेमा राईरकर हे दोघे १९८० च्या दशकापासून येथील डोंगरी गावांत संघटनेचे काम करत होते. गरीब डोंगरी संघटनेच्या बैठकांतून बायकांशी ओळख झाली आणि पहाटे जात्यावर गायल्या जाणाऱ्या ओव्या समोर येऊ लागल्या. कोळवडे, नांदगाव अशा मुळशीतील गावांपासून सुरू झालेले हे संकलन महाराष्ट्रभर पसरले आणि एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. पूर्वीही साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या होत्या, दुर्गा भागवतांनी लोकसाहित्याची सैद्धांतिक मांडणी केली होती आणि सरोजिनी बाबर यांनी शासनाच्या समितीतर्फे अनेक संग्रह काढले होते. मुळशीच्या कामाचे वेगळेपण असे, की प्रत्येक ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदवले गेले. लोकसाहित्य म्हणजे कोणा एकाचे नसलेले साहित्य, ही अभ्यासकांची जुनी धारणा. नाव नोंदवताच ती ओवी रचणाऱ्या बाईची झाली.

ओव्यांची मांडणी विषयवार केली गेली. सीतेचा वनवास, माहेर, भाऊ, लेक, सासुरवास, पंढरीची वाट, बाबासाहेब आंबेडकर असे शेकडो गट त्यात पडतात. कागदावर उतरलेली ओवी दोन ओळींची दिसते. गाताना मात्र ती तशी राहत नाही. जात्याच्या फेऱ्याबरोबर शब्द पुन्हा येतात, मध्येच ‘बाई’, ‘सांगते’ अशी भर पडते, ओळ अर्ध्यावर थांबते, दुसरी बाई ती उचलते. म्हणून १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी या ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. ‘छन्दोरचने’त ओवीचे मोजमाप अक्षरांनी झाले होते, येथे ते श्वासाने आणि दगडाच्या गतीने होते. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. संकलन आणखी वीस वर्षे लांबले असते तर यातील बराच भाग मिळाला नसता. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संस्थेने हा ठेवा मजकूर, ध्वनी आणि चित्रणासह सर्वांसाठी खुला करायला सुरुवात केली.

लेखन हा विद्यापीठात शिकवण्याचा विषय पुण्यात प्रथम नाटकाच्या अंगाने झाला. नाटक मुळातच मिळून करायचे काम असल्याने ते स्वाभाविक होते. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने नाटककारांच्या विकासाची योजना चालवली. तिची कल्पना नाटककार सतीश आळेकरांची. १९८७ मध्ये पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र स्थापन झाले. १९९६ ते २००९ या काळात आळेकर त्याचे संचालक होते. प्रभात स्टुडिओच्या जागेवर १९६० मध्ये निघालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये पुढे पटकथालेखनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला. कविता आणि कथा यांना अशी सोय मिळाली नाही. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने सर्जनशील लेखनाची एम.ए. १९७० मध्ये सुरू केली. आयोवाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमाला कवी दिलीप चित्रे १९७५ मध्ये गेले. पुढे पुण्यात राहून त्यांनी तुकोबांचे इंग्रजी अनुवाद पुरे केले आणि १९९४ मध्ये स्वतःच्या मराठी कवितेसाठी व या अनुवादासाठी असे साहित्य अकादमीचे दोन पुरस्कार त्यांना मिळाले. मराठी विभागांच्या अभ्यासक्रमांत उपयोजित मराठी, प्रसारमाध्यमांसाठी लेखन, सर्जनशील लेखन अशा अभ्यासपत्रिका हळूहळू आल्या, पण त्यांचा भर नोकरीला उपयोगी पडणाऱ्या कौशल्यावर राहिला.

दरम्यान प्रबंधाची वाट लांब आणि गर्दीची झाली. महाविद्यालयात शिकवायचे तर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण हवी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सेट पुणे विद्यापीठच घेते. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, मार्गदर्शकाकडील रिकाम्या जागेची वाट पाहणे, आराखडा, सहामाही अहवाल, प्रबंध, मौखिक परीक्षा असा क्रम असतो. एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामधली एम.फिल. ही पायरी २०२२ च्या नियमांनी बंद झाली. पूर्वी काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरांत नाव घातलेला प्रबंध विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाच्या कपाटात जाई आणि बहुधा तेथेच राही. आता ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात तो कोणालाही पाहता येतो, आणि त्यामुळे चांगले काम तसेच उचलेगिरी दोन्ही उघड होऊ लागली आहेत. विद्यार्थ्यांवरचा मोठा अन्याय म्हणजे पदांची टंचाई. प्रबंध पुरा करून वर्षानुवर्षे तासिका तत्त्वावर शिकवणारे कितीतरी मराठीचे अभ्यासक पुणे, पिरंगुट, पौड, मंचर, नारायणगाव या पट्ट्यात आहेत. ज्या समाजाला त्यांच्याकडून भाषेचे संशोधन हवे आहे, त्याने त्यांच्या पोटाची सोय केलेली नाही.

या काळात पश्चिम पट्ट्याचे रूपही बदलले, बावधन शेतीचे गाव राहिले नाही. बावधन खुर्द १९९७ मध्ये पुणे महापालिकेत गेले आणि बावधन बुद्रुक जून २०२१ मध्ये. पुढच्या लवळ्यात सिंबायोसिस आणि फ्लेम ही इंग्रजी माध्यमाची खासगी विद्यापीठे उभी आहेत. तेथे साहित्य शिकायला देशभरातून मुले येतात. २०१४ मध्ये पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचे नाव मिळाले. त्या शिक्षिका म्हणून सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांचा ‘काव्यफुले’ हा कवितासंग्रह १८५४ चा, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्याही आधीचा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर केला. त्याच वर्षी रिद्धपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. महानुभावांच्या त्या क्षेत्री मराठीतील पहिल्या गद्यचरित्राची घडण झाली होती. विद्यापीठाचे पहिले कुलगुरू अविनाश आवलगावकर हे पुणे विद्यापीठाच्या मराठी विभागातून आलेले.

कविता, कथा किंवा कादंबरी लिहून तीच प्रबंध म्हणून मराठीत सादर करण्याची वाट मात्र अजून रूढ झालेली नाही. ती सुरू करायला साहित्याची कमतरता नाही. ‘छन्दोरचना’ आहे, ‘सत्यकथे’च्या संपादकांची पत्रे आहेत, ललित कला केंद्राचा अनुभव आहे, आणि मुळशीच्या बायकांच्या लाखभर ओव्या नावा-गावासह उपलब्ध आहेत. नव्या आणि जुन्या दोन्ही विद्यापीठांनी असा अभ्यासक्रम मराठीतून सुरू करावा, आणि पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांना या ओव्या ऐकायला लावाव्यात.